२ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण: ढगाआडचा सूर्य, दर्यावरचा सूर्य आणि मुलांचे डोळे

शाळेतली बाई (पेडणे)

नमस्कार मंडळी. मी गोव्यात पेडणे तालुक्यात एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, सूर्यग्रहण आहे. त्या दिवशी आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. दक्षिण स्पेन, मोरोक्को, ट्युनिशिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन या पट्ट्यात ते खग्रास आहे. आपल्याकडे खंडग्रास, आणि तेही दुपार कलल्यावर, सूर्य पश्चिमेकडे उतरत असताना.

माझी खरी काळजी या वेळेची आहे. शाळेच्या वेळेत ग्रहण आलं की मुलं आमच्या नजरेसमोर असतात. त्या दिवशी तोवर शाळा सुटलेली असेल. मुलं घरी, मैदानावर, नाहीतर हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर. समोर उघडा दर्या, त्यावर खाली आलेला सूर्य आणि ऑगस्टमधले ढग. सूर्याकडे सहज बघता येईल असं वाटायला लावणारं सगळंच तिथे जमून आलेलं असेल.

मुलांना घरात कोंडा असं मला पालकांना सांगायचं नाही. ग्रहण बघायला मिळणं हे भाग्य आहे आणि ते त्यांना मिळायला हवं. पण नेमकं काय सांगू? शाळेच्या कपाटात २०१९ च्या ग्रहणाच्या वेळचे पुठ्ठ्याचे चष्मे पडून आहेत, ते चालतील का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

नजर तपासनीस (म्हापसा)

बाई, वर्षभर आधी हा विषय काढलात हे फार बरं केलंत. चष्मे शोधायची धावपळ आदल्या दिवशी सुरू होते आणि तेव्हा हाताला लागेल ते लोक डोळ्याला लावतात.

मी रोज डोळे तपासतो, म्हणून आतली गोष्ट आधी सांगतो. डोळ्यातलं भिंग सूर्याची प्रतिमा मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, पाडतं. ती जेमतेम ०.१६ मिलिमीटर रुंद असते. पण आपण ज्याच्याकडे रोखून बघतो त्याची प्रतिमा बरोब्बर दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर पडते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्या टिचभर जागेवर चालतं. जखम होते ती तिथेच.

मुख्य म्हणजे दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. हाताला चटका बसला की आपण हात ओढतो, तशी सूचना डोळ्याच्या मागून येत नाही. हे भाजणंही नेहमी उष्णतेचं नसतं. निळ्या बाजूच्या प्रखर उजेडामुळे पेशींमध्ये रासायनिक बिघाड होतो आणि तो कळायला काही तास जातात. माणूस रात्री नीट झोपतो आणि सकाळी उठून बघतो तर समोर मधोमध डाग.

‘सूर्य अर्धा झाकलाय, मग उजेडही अर्धाच’ हा समज सगळ्यात घातक. एकूण उजेड कमी होतो हे खरं. पण जी कोर उघडी आहे तिचा प्रत्येक ठिपका पूर्ण सूर्याइतकाच प्रखर असतो. उलट भोवती थोडं मंदावलं की बाहुली मोठी होते, डोळे मिचकावणं कमी होतं, आणि आपण जास्त वेळ बघतो. २०१७ च्या अमेरिकेतल्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात एक तरुणी आली होती. तिच्या दृष्टिपटलावरची जखम चंद्रकोरीच्या आकाराची निघाली. त्या वेळी सूर्य जसा दिसत होता, तसाच्या तसा तो आत उमटला होता.

खग्रासच्या पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकला गेला की तेवढी मिनिटं नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. गोव्यात ग्रहण खंडग्रास आहे. म्हणजे स्पर्शापासून मोक्षापर्यंत, ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत, एक क्षणही आपल्याकडे तशी सूट नाही. परदेशातले व्हिडिओ बघून ‘आता चष्मा काढला तरी चालतो’ असं कुणी म्हटलं तर हे लक्षात ठेवा.

डिचोलीकर

माझ्या भाच्याचं सांगतो. २६ डिसेंबर २०१९, सकाळची वेळ. केरळात कंकणाकृती होतं आणि आपल्याकडेही सूर्याचा मोठा भाग झाकला गेला होता. तो तेव्हा कॉलेजात होता. मित्राच्या गच्चीवर चौघांनी मिळून घरातल्या जुन्या एक्स-रे फिल्ममधून आळीपाळीने ग्रहण बघितलं. कुणाला काही त्रास झाला नाही. दुपारी जेवून झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर कदंब बसच्या पाटीवरचं ‘डिचोली’ वाचताना त्याला मधला ‘चो’ दिसेना. ‘डि’कडे बघितलं तर ‘डि’ गायब. ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेच पुसल्यासारखं. आधी त्याला वाटलं पाटी खराब आहे. मग मोबाइल उघडला तर तिथेही तेच. घरी येऊन हळूच आईला सांगितलं, आणि त्याच दिवशी आम्ही त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दृष्टिपटलाचं स्कॅन काढलं तेव्हा मध्यभागी तुटल्यासारखी एक बारीक फट दिसली. डॉक्टर म्हणाले, यावर खात्रीचं औषध नाही, वाट बघायची.

डावा डोळा पुढच्या काही महिन्यांत सुधारला. उजव्यात अजून बारीक डाग आहे. दोन्ही डोळ्यांनी बघताना त्याचं भागतं, पण क्रिकेट सोडलं, कारण समोरून येणारा चेंडू ऐनवेळी हरवतो. बाकी तिघांना काही झालं नाही. त्यामुळे ‘आम्ही पण बघितलं होतं, आम्हाला कुठे काय झालं’ हे वाक्य आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही.

तारवटी (वास्को)

डिचोलीकर, वाचून वाईट वाटलं. त्याला सांभाळा.

मी बोटीवर नोकरी केली. सेक्स्टंट या कोन मोजायच्या यंत्राने सूर्याची उंची मोजायला आम्ही त्याच्या रंगीत काचा आडव्या घालून सूर्य बघायचो. घरी एक जुना सेक्स्टंट आहे, नातवंडं मागे लागणार. त्या काचा चालतील का? आणि गोदीतले वेल्डर त्यांच्या काचेतून बघतात, त्याचं काय?

गोदीतला (वास्को)

तारवटी काका, वेल्डिंगचं मी सांगतो, रोजचं काम आहे. काचेवर नंबर असतो. आम्ही साध्या आर्क वेल्डिंगला १० किंवा ११ नंबर लावतो. सूर्याला तो पुरत नाही. १२ च्या खाली नकोच, आणि १२ मधूनही बऱ्याच जणांना सूर्य फार प्रखर वाटतो. १४ नंबरची काच हवी. ती सगळ्या दुकानांत नसते, मागवावी लागते. आपोआप काळी होणारी नवी हेल्मेटं तर सूर्यासाठी घेऊच नका. ती ठिणगी ओळखून काळी होतात, सूर्यासाठी बनवलेलीच नाहीत. आणि ज्या काचेवरचा नंबर पुसलाय ती काच कितीही काळी दिसो, बाजूला ठेवा. आमच्या शेडमध्ये पोरं दोन काचा एकावर एक ठेवून बघतात. त्यांना मी तिथल्या तिथे थांबवतो.

नजर तपासनीस (म्हापसा)

गोदीतले दादा, अगदी बरोबर सांगितलंत. तारवटी काका, सेक्स्टंटच्या काचा क्षणभर सूर्य क्षितिजाला टेकवून कोन वाचण्यापुरत्या असतात. त्यातून किती उजेड आत येतो हे कुणी मोजून लिहून दिलेलं नसतं, आणि सेक्स्टंटला दुर्बीणही असते. नातवंडांना तो कपाटातून काढून दाखवा, पण त्यातून सूर्य दाखवू नका.

काळं दिसतं म्हणजे सुरक्षित, असं नसतं. गॉगल, एक्स-रे, काजळी धरलेली काच, सीडी, रंगीत फिल्मचे निगेटिव्ह, यातून दिसणारा उजेड कमी वाटतो, पण डोळ्याला इजा करायला पुरेसा उजेड आत येतो, शिवाय न दिसणारे अवरक्त किरणही. 

काणकोणची आजी

मला सत्तरी आली. १६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण चांगलं आठवतं. तेव्हा अंकोला, हुबळी, रायचूर या बाजूने खग्रास गेलं. आमच्याकडे दुपारी अंधारून आलं, कोंबड्या खुराड्याकडे धावल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सासूबाईंनी अंगणात मोठ्या परातीत शेण कालवलेलं पाणी ठेवलं होतं आणि त्यात वाकून आम्ही सूर्य बघितला. वर कुणी बघितलं नाही. ही पद्धत आमच्या घरात कितीतरी पिढ्यांची. कुणाची नजर गेल्याचं ऐकलं नाही. मग तेही वाईट का? रागावून विचारत नाही, मला समजून घ्यायचं आहे.

नजर तपासनीस (म्हापसा)

आजी, तुमच्या सासूबाईंनी ‘वर बघू नका’ हे शिकवलं, ते लाखमोलाचं. फक्त परातीचा हिशेब मी मांडतो.

चांगल्या ग्रहण-चष्म्यातून साधारण तीन लाखांत एक भाग उजेड आत येतो. सूर्य डोक्यावर असताना पाण्यावरून शंभरात दोन भाग परत फिरतात. म्हणजे चष्म्याच्या सहा हजार पट. आणि शेण किंवा हळद घातल्याने हा आकडा बदलत नाही, कारण सूर्याचं प्रतिबिंब पाण्याच्या वरच्या पातळीवरून येतं. खाली काय कालवलंय याचा त्याला फरक पडत नाही. गढूळ पाण्यात प्रतिबिंब सौम्य वाटतं, एवढंच.

दुसरं म्हणजे, २०२७ मध्ये सूर्य पश्चिमेला बराच खाली असेल. तिरप्या किरणांचं परावर्तन वाढतं. तेव्हा शंभरात आठ-दहा भाग डोळ्यात येतील, आणि सूर्य उतरेल तसे आणखी. समुद्राच्या पाण्यावरची ती झळाळी आपण रोज बघतो, तेच हे. पूर्वी लोक परातीत झटकन डोकावून बाजूला व्हायचे, बहुतेकांना निभावलं. आजची मुलं मोबाइल घेऊन परातीवर पाच-पाच मिनिटं वाकून राहतील. परात ठेवाच, पण सूर्य बघायला नव्हे. तिचा उपयोग खालचे कुणीतरी सांगतील.

काणकोणची आजी

समजलं बाबा. देव बरें करूं. नातसुनेला वाचून दाखवते.

गच्चीवरचा (पणजी)

तर मी सांगतो. हौशी आकाशनिरीक्षक आहे. दोन वेगळ्या गोष्टी लिहितो, कारण पावसाळ्यातलं ग्रहण आणि डिसेंबरातलं ग्रहण यात फार फरक आहे.

पहिली गोष्ट ढगांची. चांगल्या चष्म्यातून सूर्याखेरीज काहीच दिसत नाही. पातळ ढग आला की सूर्यही दिसेनासा होतो. माणूस चष्मा वर करतो आणि बघतो तर काय, ढगाआडून पांढरी कोर नुसत्या डोळ्यांना अगदी सुखाने दिसतेय, पौर्णिमेच्या चंद्रासारखी. तो बघत राहतो. बाहुली उघडलेली असते. आणि ऑगस्टमधला ढग क्षणात फाटतो. मला गोव्यातल्या या ग्रहणाची भीती आहे ती याच क्षणाची. कडक उन्हाकडे कुणी फार वेळ बघत नाही, डोळेच बघू देत नाहीत. सोसणाऱ्या उजेडाकडे माणूस बघतो. म्हणून मुलांना नियम एकच सांगा: चष्म्यातून दिसत नसेल तर आत्ता ग्रहण दिसत नाहीये. चष्मा काढून ‘बघू तरी’ करायचं नाही. आणि काढायचा असेल तेव्हा आधी मान खाली, मग चष्मा बाजूला. लावतानाही तसंच: मान खाली, चष्मा, मग वर. नंबरचा चष्मा असेल तर तो ठेवून त्यावर हा.

२५ ऑक्टोबर २०२२ ला दिवाळीत सूर्य ग्रहणातच मावळला, तेव्हा मी मिरामारला होतो. किती लोक हातात काही न घेता क्षितिजाकडे टक लावून बसले होते! रोजचा मावळता सूर्य बघायची सवय असल्याने त्यांना त्यात धोका वाटतच नव्हता. दोघा-तिघांकडे पक्षी बघायच्या दुर्बिणी होत्या. दुर्बीण उजेड गोळा करून डोळ्यात ओतते. आणि चष्मा लावून दुर्बिणीतून बघणंही तितकंच वाईट, कारण एकवटलेल्या उन्हाने चष्म्याची फिल्मच वितळते. गाळणी लावायचीच असेल तर ती दुर्बिणीच्या पुढच्या, सूर्याकडच्या तोंडावर, आणि तीही सूर्यासाठीच बनवलेली.

दुसरी गोष्ट चष्म्यांची. बाई, २०१९ चे चष्मे एकेक करून तपासा. अशा चष्म्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक आयएसओ १२३१२-२. पण छापलेला आकडा हा पुरावा नव्हे, तो कुणीही छापतो. कुठून आले ते आठवा. मग खोलीत चष्मा लावून ट्यूबलाइटकडे बघा. काही म्हणता काही दिसता कामा नये. मोबाइलचा टॉर्च जवळ धरला तर फार तर मिणमिणता ठिपका. मग फिल्म बल्बसमोर धरून निरखा. आपल्या दमट हवेत कपाटात राहिलेल्या पुठ्ठ्याला बुरशी लागते, कडा सुटतात, चकचकीत मुलाम्याला घडीवर तडा जातो. टाचणीएवढं जरी भोक, ओरखडा, चुरगळ दिसली तर कात्रीने दोन तुकडे करूनच टाका, म्हणजे दुसऱ्या कुणी उचलून वापरणार नाही. नवे घ्यायचे तर पणजीच्या सार्वजनिक वेधशाळेतल्या मंडळींना किंवा मिरामारच्या विज्ञान केंद्रात आधी विचारा, रस्त्यावरून उचलू नका.

फोंड्याची आई

माझी मुलगी पाच वर्षांची. एवढी लहान मुलं चष्मा एका जागी ठेवतच नाहीत. आणि माझी धाकटी बहीण तेव्हा बाळंतपणाच्या जवळ असेल कदाचित, घरातले आत्तापासून म्हणतायत की तिने खोलीबाहेर यायचं नाही. यावर काय?

नजर तपासनीस (म्हापसा)

ताई, ग्रहणाच्या उजेडात रोजच्या उन्हापेक्षा वेगळं काही नसतं. पोटातल्या बाळाला त्याने काही होत नाही. बहिणीला नियम तोच, जो तुम्हाला आणि मला: उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे नाही. वडीलधाऱ्यांचं मन मोडायचं नसेल तर ती आतच बसून भिंतीवर ग्रहण बघू शकते, कसं ते गच्चीवरचे सांगतील. लहान मुलीची काळजी मात्र जास्त घ्या. मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांच्या मानाने जास्त नितळ असतं, त्यातून घातक उजेड अधिक आत जातो. पाच वर्षांच्या मुलीच्या हातात चष्मा देऊन तुम्ही स्वयंपाकघरात गेलात असं होता कामा नये.

गच्चीवरचा (पणजी)

ताई, तुमच्या मुलीसाठी आणि बहिणीसाठी हे लिहितो. माझ्या मते गोव्यात सगळ्यांसाठी हीच पहिली पसंती असावी.

हातभर आरसा घ्या. त्यावर कागद चिकटवा आणि कागदाला बोटाच्या नखाएवढं भोक पाडा. पश्चिमेच्या खिडकीत तो असा ठेवा की ऊन भोकातून परतून आतल्या भिंतीवर पडेल. दुपारी सूर्य खाली असल्याने हे सोपं जाईल. भिंत दहा मीटर लांब असेल तर तिथे नऊ सेंटिमीटरचा सूर्य दिसेल, वाटीच्या तोंडाएवढा, आणि ग्रहण लागलं की तो चावा घेतल्यासारखा कडेने कमी होत जाईल. आजी अंथरुणावरून, बहीण खुर्चीवरून, मूल जमिनीवर बसून, सगळे सूर्याकडे पाठ करून बघतात. आरशाजवळ मात्र एक मोठं माणूस बसवा, म्हणजे कुणी आरशात डोकावणार नाही आणि कवडसा कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही.

आरसा नको असेल तर स्वयंपाकघरातला झारा घ्या. उन्हात धरा, दोनेक मीटरवर पांढरा कागद धरा. जितकी भोकं तितके सूर्य, सगळे कोरीसारखे. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडलं तर एक मीटरवर नऊ मिलिमीटरचा सूर्य पडतो, छोटा पण रेखीव. माडाच्या चुडतांमधून आणि आंब्याच्या पानांमधून अंगणात जे कवडसे पडतात ते एरवी गोल असतात, कारण प्रत्येक कवडसा हे सूर्याचंच चित्र असतं. ग्रहणात ते सगळे कोरी होतात. आणि आजींची परात इथे कामाला येते: ती कोरडी करून, पालथी घालून, वर पांढरा कपडा टाकून झाडाखाली ठेवा. कवडसे त्यावर फार सुंदर दिसतात.

हे सगळं ऊन असेल तरच. ढग दाटून आले तर आरसाही नाही आणि चष्माही नाही. पण त्या दिवशी इजिप्तमध्ये लक्सरला सूर्य सहा मिनिटांहून जास्त पूर्ण झाकलेला असेल, आपल्या घड्याळात दुपारी साडेतीनच्या सुमारास. थेट प्रक्षेपण बघायला कुणाला पावसाची अडचण नाही.

शाळेतली बाई (पेडणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. कपाटातले चष्मे आज मधल्या सुट्टीत तपासले. बऱ्याच चष्म्यांची फिल्म पुठ्ठ्यापासून सुटली आहे, काहींवर बोटाने ओरखडे. एकही मुलांच्या हातात देणार नाही. सगळे कापून टाकले, मुलांसमोरच, आणि का ते सांगितलं. आरशाचा प्रयोग उद्यापासून आठवीच्या वर्गात रोजच्या सूर्यावर करून घेणार आहे, म्हणजे त्या दिवशी प्रत्येक घरात एक तरी मूल असेल ज्याला तो मांडता येतो.

एकच राहिलं. इतकं सांगूनही कुणी बघितलंच, तर?

नजर तपासनीस (म्हापसा)

तर त्याला रागावू नका, कारण रागाच्या भीतीने मुलं लपवतात. डिचोलीकरांच्या भाच्याने त्याच दिवशी आईला सांगितलं, ते फार चांगलं झालं.

ग्रहणाच्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला एक डोळा झाकून चौकडीच्या वहीचं पान दाखवा, मग दुसरा डोळा. मधल्या चौकटी वाकड्या दिसतात का, मध्ये डाग, रंग फिका, एखादं अक्षर गायब, असं विचारा. यातलं काहीही असलं तर डोळे चोळू नका, घरगुती थेंब घालू नका, दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणू नका, त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. सरळ दृष्टिपटल तपासणाऱ्या डॉक्टरकडे जा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, डोळ्यांचा विभाग आहे. १९९९ च्या ग्रहणानंतर इंग्लंडमध्ये लेस्टरच्या रुग्णालयात डोळ्यांची तक्रार घेऊन ४५ जण आले होते, तेव्हा आपलंच मूल वेडं असं समजू नका. अनेकांची नजर काही आठवडे ते महिन्यांत बरीचशी परत येते, काहींची पूर्ण येत नाही. स्कॅन लवकर झालं तर पुढे सुधारतंय की नाही हे ताडून बघता येतं.

बाई, चौकडीच्या वहीचं हे पान तुमच्या पालकसभेच्या कागदाला जोडून द्या. खर्च काही नाही, आणि फ्रिजवर चिकटवलेलं राहिलं तर मधुमेहवाल्या आजोबांची नजर तपासायलाही ते उपयोगी पडेल.